मोबाईलवरून घरच्या राउटरमध्ये एसएसएच कसं सुरू करायचं? कमांड लाइन हवी, पण दार सगळ्यांना उघडं नको

नेट स्लो झालं की आपण काय करतो? राउटरचा प्लग काढतो, दहा सेकंद थांबतो आणि परत लावतो. बऱ्याचदा चालतंही. पण नेमकं काय बिघडलं होतं, हे कधीच कळत नाही. राउटर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याच्यात प्रोसेसर असतो, रॅम असते आणि बहुतेक वेळा आत लिनक्स चालू असतं. त्याच्याशी थेट बोलायचा रस्ता म्हणजे कमांड लाइन, आणि तिथपर्यंत सुरक्षितपणे पोचवणारी सोय म्हणजे एसएसएच, अर्थात सिक्युअर शेल.

एसएसएच चालू करणं हे पाच मिनिटांचं काम आहे, एका टिकमार्कचं. आपण ज्यावर वेळ घालवणार आहोत तो भाग वेगळा आहे: हे दार कुणासाठी उघडायचं, कुठून उघडायचं आणि चावी कुणाकडे ठेवायची. राउटरची रूट चावी ज्याच्या हातात, त्याच्या हातात घरातल्या सगळ्यांचं नेट. तो डीएनएस बदलून तुमच्या घरच्यांना खोट्या साइटवर वळवू शकतो, कोणता मोबाईल कधी जोडला गेला हे पाहू शकतो. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

आधी एक सूचना: कमांड कशा वाचायच्या

लेखात सगळ्या कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायच्या. जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो, तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

एसएसएच आलं कुठून?

पूर्वी दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला टेलनेट वापरायचे. टेलनेटमध्ये तुम्ही टाइप केलेलं सगळं, पासवर्डसकट, जसंच्या तसं तारेवरून जातं. मधे बसलेल्या कुणालाही ते वाचता येतं. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तिथल्या तातू यलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहिलं. टेलनेटचा पोर्ट २३ आणि एफटीपीचा २१. मधला २२ हा नंबर त्याने एसएसएचसाठी मागून घेतला, आणि आजही तोच आहे.

टेलनेट मात्र संपलं नाही. स्वस्त कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांच्यात ते बरीच वर्षं चालू राहिलं, आणि तेही कारखान्यातून आलेल्या यूजरनेम-पासवर्डसकट. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने याचाच फायदा घेतला. त्याच्याकडे साधारण ६० जोड्यांची यादी होती: ॲडमिन-ॲडमिन, रूट-रूट अशा छापाची. ती यादी घेऊन मिराई इंटरनेटवर दार ठोठावत फिरायचा आणि जे उघडेल त्यात शिरायचा. अशा ताब्यात घेतलेल्या यंत्रांनी २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिटसारख्या साइट्स कित्येक तास अडखळत होत्या. ती यंत्रं लोकांच्या घरात शांतपणे चालू होती. मालकांना पत्ताही नव्हता.

म्हणून पहिला नियम: राउटरमध्ये टेलनेटचा पर्याय दिसला तर बंद करा. लागलं तर एसएसएचच वापरा.

तुमच्या राउटरमध्ये एसएसएच आहे का?

इथे तीन प्रकार पडतात.

१. इंटरनेट कंपनीने दिलेला डबा. फायबरसोबत जो राउटर मिळतो, त्यात बहुतेक वेळा ग्राहकाला एसएसएच दिलेलं नसतं. डबा कंपनीचा असतो आणि सेटिंग्जही कंपनी दुरून बदलते. नेटवर "लपलेला पासवर्ड" शोधून त्यात घुसायच्या नादी लागू नका. त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावणं सोपं आणि सरळ.

२. विकत घेतलेला राउटर. आसुसच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ॲडमिनिस्ट्रेशनच्या पानावर एसएसएच चालू करायचा पर्याय असतो. तिथे "लॅन ओन्ली" निवडायचं. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये एसएसएच आधीपासून असतंच. काही स्वस्त मॉडेल्समध्ये ते अजिबात नसतं.

३. ओपनडब्ल्यूआरटी टाकलेला राउटर. हे राउटरसाठीचं मोफत, ओपन सोर्स लिनक्स. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या गाजलेल्या राउटरचा सोर्स कोड खुला झाला आणि त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. नावातलं "डब्ल्यूआरटी" तिथूनच आलंय.

या लेखात मी ओपनडब्ल्यूआरटी धरून चाललोय, कारण मी स्वतः तेच वापरतो आणि त्यात कुठलीही गोष्ट लपवलेली नसते. नवा राउटर घेणार असाल तर आधी ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवरच्या हार्डवेअरच्या यादीत मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही तपासा. एकाच नावाच्या राउटरच्या दोन व्हर्जनमध्ये चिप वेगळी असू शकते. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तर काम निवांत होतं.

पायरी १: रूटचा पासवर्ड

ओपनडब्ल्यूआरटी नुकतंच टाकलेलं असेल तेव्हा रूट या मुख्य यूजरला पासवर्डच नसतो. त्यामुळे दुसरं काहीही करण्याआधी हे करा.

मोबाईल राउटरच्या वायफायला किंवा लॅपटॉप केबलने जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. लुसी नावाचं वेब पान दिसेल. सिस्टिम मेन्यूत ॲडमिनिस्ट्रेशन, आणि तिथे राउटर पासवर्ड. लांब पासवर्ड ठेवा. वायफायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड एकच ठेवू नका, कारण वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना, शेजारच्यांना, वायरमनला असा सगळ्यांना माहीत झालेला असतो.

पायरी २: मोबाईलमध्ये टर्मिनल

अँड्रॉइडवर टर्मक्स हे ॲप वापरा. एफ-ड्रॉइडवरून घेतलेलं टर्मक्स माझ्याकडे नीट चालतं. आयफोनवर टर्मियससारखी ॲप आहेत. विंडोज १० आणि ११ मध्ये एसएसएच आतच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

टर्मक्स उघडून ही कमांड द्या:

पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएच

("पीकेजी" म्हणजे पी-के-जी, पुढचे दोन्ही शब्द नेहमीच्या स्पेलिंगने, आणि "ओपनएसएसएच" सलग.)

आता राउटरला हाक मारा:

एसएसएच रूट@१९२.१६८.१.१

इथे अनेकजण अडकतात ती गोष्ट आधीच सांगतो. राउटरला इंटरनेट नसेल, तर अँड्रॉइड गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो आणि कमांड राउटरपर्यंत पोचतच नाही. "कनेक्शन टाइम्ड आउट" असं येत राहतं. अशा वेळी मोबाईल डेटा बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

पहिल्यांदा जोडताना एसएसएच एक प्रश्न विचारतं: या मशीनची ओळख पटवता येत नाहीये, तिचा फिंगरप्रिंट हा असा आहे, पुढे जायचं का? आपण सवयीने "येस" टाकतो. घरच्या वायफायवर, समोर राउटर दिसत असताना, ते चालेल. पण प्रश्नाचा अर्थ समजून घ्या. एसएसएच ही ओळख लक्षात ठेवतं. पुढे कधी त्याच पत्त्यावर वेगळी मशीन उत्तर द्यायला लागली, तर मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना येते आणि कनेक्शन थांबतं. तुम्ही राउटर रीसेट केला असेल किंवा बदलला असेल, तर सूचना येणारच. मग जुनी ओळख पुसायची:

एसएसएच-कीजेन -आर १९२.१६८.१.१

("कीजेन" म्हणजे के-ई-वाय-जी-ई-एन. इथला "आर" मात्र मोठा, कॅपिटल.)

तुम्ही काहीच बदललं नसताना ही सूचना आली, तर पुढे जाऊ नका. आधी कारण शोधा.

पायरी ३: पासवर्डऐवजी की

पासवर्ड कुणीही अंदाजाने टाकून बघू शकतं, आणि बॉट तर दिवसभर तेच करत असतात. की ही वेगळी व्यवस्था आहे. तुमच्या मोबाईलमध्ये दोन फायली तयार होतात, एक प्रायव्हेट आणि एक पब्लिक. पब्लिक कीला कुलूप समजा आणि प्रायव्हेटला किल्ली. कुलूप राउटरला लावायचं, किल्ली आपल्या खिशात.

टर्मक्समध्ये:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

फाइल कुठे ठेवायची असं विचारेल, तिथे फक्त एंटर. मग पासफ्रेज विचारेल. ती रिकामी सोडू नका. मोबाईल हरवला किंवा लोकलमध्ये चोरीला गेला, तर ती पासफ्रेजच आडवी येणार आहे.

आता पब्लिक की बघा:

कॅट ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९.पब

एक लांब ओळ दिसेल. ती पूर्ण कॉपी करा. लुसीमध्ये परत सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेशन, आणि आता एसएसएच-कीज हा टॅब. तिथे ओळ पेस्ट करून ॲड की दाबा. शेवटी ".पब" असलेलीच फाइल पेस्ट करायची हे पुन्हा तपासा. ".पब" नसलेली फाइल म्हणजे तुमची किल्ली. ती व्हॉट्सॲपवर, ईमेलवर, ड्राइव्हवर, कुठेही पाठवायची नाही. पब्लिक की मात्र फॅमिली ग्रुपवर टाकली तरी कुणाला काही करता येणार नाही.

पायरी ४: आधी तपासा, मग पासवर्ड बंद करा

हा क्रम महत्त्वाचा आहे. टर्मक्समध्ये जुनं सेशन चालू राहू द्या. डाव्या कडेवरून बोट ओढून नवं सेशन उघडा आणि पुन्हा एसएसएच करा. आता रूटचा पासवर्ड न विचारता तुमच्या कीची पासफ्रेज विचारली, तर की काम करतेय.

मगच लुसीच्या एसएसएच ॲक्सेस टॅबवर जा आणि तीन गोष्टी करा:

- इंटरफेस: "लॅन" निवडा. म्हणजे एसएसएच फक्त घरच्या नेटवर्कच्या पत्त्यावर ऐकेल.
- पासवर्ड ऑथेंटिकेशन: टिक काढा.
- रूटला पासवर्डने लॉगिन: ही टिकसुद्धा काढा.

सेव्ह आणि अप्लाय. आता तिसरं सेशन उघडून पुन्हा एकदा तपासा. सगळं ठीक असेल तरच जुनी सेशन बंद करा. माझ्या एका मित्राने हेच उलट्या क्रमाने केलं: आधी पासवर्ड बंद, मग की टाकायला गेला तर की अर्धीच पेस्ट झालेली. सुदैवाने लुसीचं वेब पान उघडत होतं म्हणून दोन मिनिटांत सुटला.

तेही बंद पडलं तर? ओपनडब्ल्यूआरटीमध्ये फेलसेफ मोड असतो. राउटर चालू होताना दिवा भराभर लुकलुकायला लागला की रीसेट बटण दाबायचं. मग तो १९२.१६८.१.१ वर बिनापासवर्डचा उघडतो, पण फक्त केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरला. म्हणजे राउटर ज्याच्या हातात आहे त्याला ही वाट कायम असते. राउटर कुठे ठेवलाय, हाही सुरक्षेचाच भाग आहे.

आत शिरल्यावर काय करायचं?

आत एक साधी काळी स्क्रीन दिसेल. घाबरू नका. या काही कमांड फक्त माहिती वाचतात, काहीही बदलत नाहीत:

- अपटाइम: राउटर किती वेळ चालू आहे. "आपोआप रीस्टार्ट होतो का?" याचं उत्तर इथे मिळतं.
- फ्री: रॅम किती शिल्लक आहे.
- लॉगरीड: राउटरची डायरी. शेवटी "-एफ" लावलं की नव्या नोंदी समोर येत राहतात. हा लॉग रॅममध्ये असतो. लाइट गेली की पुसला जातो, म्हणून बिघाड झाल्यावर प्लग काढण्याआधी तो वाचा.
- कॅट /टीएमपी/डीएचसीपी.लीजेस: कोणकोणत्या उपकरणांनी पत्ता घेतलाय त्याची यादी.
- आयएफस्टेटस वॅन: कंपनीकडून येणारी लाइन चालू आहे का, आणि कोणता आयपी मिळालाय.

आता "नेट चालत नाही" या तक्रारीचा उलगडा कसा करायचा? क्रमाने जा. आधी आयएफस्टेटस वॅन. त्यात "अप" पुढे "फॉल्स" दिसलं, तर लाइनच आलेली नाही. मग पिंग १.१.१.१. उत्तर आलं तर बाहेरचा रस्ता मोकळा आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी. मग एखाद्या साइटचं नाव देऊन पिंग. आकड्यांना उत्तर येतंय पण नावाला येत नसेल, तर डीएनएसची अडचण आहे आणि राउटर दहा वेळा बंद-चालू करून फार उपयोग नाही. लाइन अडकलेली वाटली तर आयएफअप वॅन ही कमांड फक्त बाहेरचं कनेक्शन नव्याने जोडते. अख्खा राउटर रीस्टार्ट करायची गरज पडत नाही.

सेटिंग बदलायला यूसीआय ही कमांड असते. तिची चांगली सवय अशी की "सेट" केलं तरी "कमिट" केल्याशिवाय बदल फायलीत पक्का होत नाही. यूसीआय चेंजेस म्हटलं की काय काय बदलायच्या रांगेत आहे ते दिसतं. मोठा बदल करण्याआधी लुसीमधून बॅकअप फाइल काढून ठेवा.

आता खरा प्रश्न: दुसऱ्या गावाहून कसं शिरायचं?

इथपर्यंत आपण घरातच होतो. पण अनेकांना एसएसएच हवं असतं ते दुरून. माझंच बघा. आईबाबा गावाला, मी पुण्यात. धाकटा भाऊ बारावीला, त्याचे क्लास ऑनलाइन. नेट अडखळलं की फोन मला येतो. दर वेळी चार तासांचा प्रवास करून राउटर बघायला जाणं शक्य नाही.

अशा वेळी सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे पोर्ट २२ इंटरनेटला उघडा करणं. तो करू नका. सगळं इंटरनेट सतत स्कॅन करणारे बॉट असतात, आणि उघडा पोर्ट सापडला की लॉगिनचा मारा सुरू होतो. पोर्ट बदलून २२२२ केला तर आवाज थोडा कमी होतो, इतकंच. दार तिथेच असतं. की लावलेली असली तरी राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये उद्या एखादी त्रुटी सापडली, तर ती सगळ्या जगाला खुली असते. ओपनडब्ल्यूआरटीची फायरवॉल बाहेरून येणारं सगळं मुळातच अडवते. ती तशीच राहू द्या.

त्याऐवजी वायरगार्ड हा व्हीपीएन वापरा. जेसन डोननफेल्ड यांनी तो लिहिला आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ व्हर्जनमध्ये तो आतच आला. त्याची माझ्या आवडीची गोष्ट म्हणजे, ओळखीची की नसलेल्या कुणालाही तो उत्तरच देत नाही. स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

थोडक्यात रचना अशी:

१. राउटरवर वायरगार्डचं लुसी पॅकेज टाका. नवा इंटरफेस बनवा, पोर्ट ५१८२० द्या.
२. हा इंटरफेस फायरवॉलच्या "लॅन" झोनमध्ये घाला. म्हणजे बोगद्यातून आलेला तुमचा मोबाईल घरातलाच समजला जाईल.
३. फायरवॉलमध्ये एकच नियम: बाहेरून यूडीपी ५१८२० राउटरपर्यंत येऊ द्या. बाकी काही नाही.
४. मोबाईलमध्ये वायरगार्ड ॲप टाका, त्यात राउटरच्या बाजूची माहिती भरा, आणि मोबाईलची पब्लिक की राउटरमध्ये पिअर म्हणून घाला.
५. बाहेर असताना आधी वायरगार्ड चालू करा, मग टर्मक्समधून नेहमीसारखं एसएसएच.

एक बारीक पण उपयोगी सूचना: घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजी वेगळा ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.३७.१. कारण तुम्ही ज्या हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर बसलाय, तिथेही बहुधा १९२.१६८.१ हीच मालिका असते. मग मोबाईलला कळत नाही की कोणता राउटर म्हणताय.

सगळं बरोबर केलं, तरी जोडलं जात नाही?

मग बहुतेक सीजीनॅट आडवं आलंय. आयपीव्ही४ पत्ते कमी असल्यामुळे इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. तपासायला सोपं आहे. आयएफस्टेटस वॅन मधला पत्ता बघा आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या एखाद्या साइटवरचा पत्ता बघा. दोन्ही वेगळे असतील, तर मधे कुणीतरी आहे. पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर ती खास सीजीनॅटसाठीच राखून ठेवलेली मालिका आहे. १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा पुढे कंपनीचा डबा आहे, आणि त्याच्यात यूडीपी ५१८२० तुमच्या राउटरकडे वळवावा लागेल.

सीजीनॅट असेल तर तीन वाटा आहेत. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा, त्याला बहुधा जादा पैसे पडतात. नाहीतर आयपीव्ही६ वापरा. भारतात मोबाईल डेटावर ते मोठ्या प्रमाणात मिळतं, आणि घरच्या लाइनवरही असेल तर वायरगार्ड त्यावरून चालतं. किंवा टेलस्केलसारखी सेवा घ्या. ती दोन्ही बाजूंना बाहेर यायला लावते आणि मधे गाठ घालून देते. मात्र तिला राउटरमध्ये बऱ्यापैकी जागा लागते.

आणि हेही आधीच समजून घ्या: घरची लाइनच तुटली असेल, तर दुरून एसएसएच होणार नाही. बोगदा त्याच लाइनवरून जातो. दुरून तुम्ही स्लो नेट, चुकलेलं वायफाय चॅनल, डीएनएस, भरलेली रॅम अशा गोष्टी बघू शकता. लाइन तुटली असेल तेव्हा घरात एक माणूस हवा. म्हणून मी भावाच्या मोबाईलवरही टर्मक्स टाकलंय. त्याने स्वतःची की बनवली, मला फक्त पब्लिक की पाठवली, आणि ती मी राउटरमध्ये घातली. आता लाइन गेली की तो आयएफस्टेटस वॅन बघतो आणि कंपनीला फोन करताना नेमकं काय झालंय ते सांगतो.

चाव्यांचा हिशेब ठेवा

२०२५ मध्ये आसुसच्या हजारो राउटरबद्दल एक प्रकार उघड झाला. हल्लेखोरांनी आत शिरून एसएसएच एका वेगळ्याच पोर्टवर चालू केलं आणि स्वतःची पब्लिक की तिथे ठेवून दिली. ही सेटिंग फर्मवेअर अपडेटनंतरही टिकत होती. म्हणजे मालकाने राउटर अपडेट केला तरी परकं कुलूप तिथेच, आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे.

त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी ही कमांड द्या:

कॅट /ईटीसी/ड्रॉपबेअर/ऑथोराइज्ड_कीज

(ई-टी-सी, "ऑथोराइज्ड"मध्ये झेड आहे, ड्रॉपबेअर हे ओपनडब्ल्यूआरटीमधल्या छोट्या एसएसएच सर्व्हरचं नाव.)

जितक्या ओळी, तितक्या चाव्या. प्रत्येक ओळ कुणाची ते सांगता आलं पाहिजे. मोबाईल विकला, हरवला, बदलला की त्याची ओळ त्याच दिवशी काढा, आणि वायरगार्डमधला पिअरसुद्धा. ओपनडब्ल्यूआरटीची नवी व्हर्जन आली की अपडेट करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

यासाठी मोबाईल रूट करावा लागतो का?
नाही. राउटरमधला "रूट" हा यूजर वेगळा. टर्मक्स साध्या मोबाईलवर चालतं.

कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या राउटरवर हे करून बघू का?
नको. जो राउटर तुमचा नाही, त्यात परवानगीशिवाय शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं उल्लंघन आहे. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर कलम ६६ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "फक्त बघत होतो" हे उत्तर चालत नाही.

घरच्यांना सांगायची गरज आहे का?
आहे. राउटरमध्ये शिरलेल्या माणसाला कोण केव्हा जोडलेलं होतं ते दिसतं. ताईचा मोबाईल रात्री किती वाजेपर्यंत चालू होता, हे तपासायला आपण हे केलेलं नाही. मी काय चालू केलंय आणि मला काय दिसतं, हे मी आमच्या घरी सगळ्यांना सांगितलंय. तुम्हीही सांगा.

एवढं सगळं नको असेल तर?
पायरी १ तरी आज करा. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला आणि टेलनेट बंद करा. एसएसएच पुढच्या सुट्टीत, राउटर समोर असताना, निवांत बसून करा. आणि बाहेरून शिरायची सोय त्यानंतरच. ती लावल्यावर घर सोडण्याआधी वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून एकदा लॉगिन होतंय का ते बघा. झालं, तरच बॅग उचला.